तुलूझला आलात? दुपारचं जेवण बसून जेवा

फ्रान्समध्ये, इथे तुलूझला, नोकरीसाठी नव्यानं येणारं कोणी भेटलं की बँक, विमा, घरभाडं सगळं सांगून झाल्यावर मी एक गोष्ट आवर्जून सांगते. बाराच्या पुढे सहकारी जेवायला उठले की तुम्हीही उठा. स्क्रीनसमोर डबा उघडू नका.

मी पहिले दोन महिने तेच केलं. पुण्यातली सवय, दहा मिनिटांत डबा संपवून परत काम. एक दिवस शेजारची सहकारी जवळ येऊन हळूच म्हणाली, "आमच्यावर रागावली आहेस का?" कामाच्या जागी जेवू देऊ नये असं इथला कामगार कायदाच सांगतो (कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, तो तात्पुरता सैल केला होता). पण तिच्या मनात कायदा नव्हता. मी एकटी जेवते हा तिला अबोला वाटत होता. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मी डबा घेऊन त्यांच्यात जाऊन बसले.

आपल्या पानात डावं-उजवं सगळं एकदम वाढलेलं असतं. इथे आधी किसलेलं गाजर किंवा बीट, मग मुख्य पदार्थ, मग चीज, मग फळ किंवा गोड, आणि कॉफी सगळ्यात शेवटी. पहिलं संपल्याशिवाय दुसरं येत नाही, त्यामुळे पोट भरत आल्याचं मधेच कळतं. वाढणी लहान दिसली तरी घाबरू नका.

शनिवारी व्हिक्टर ह्यूगो मंडईत जा. (सोमवारी ती बंद असते.) कामाँबेर हे मऊ, गोल चीज मागितलंत की चीजवाल्या बाई विचारतील, "कधी खाणार? आज रात्री की उद्या दुपारी?" मग एकेक अंगठ्यानं हलकेच दाबून, दोन-तीन बाजूला सारून, तुमच्या वेळेला नेमकं तयार होईल ते देतील. आंबेवाल्याकडून आपण आजचा आणि परवाचा आंबा वेगळा मागून घेतो, तसंच. खाण्याआधी ते तासभर फ्रिजबाहेर ठेवा, तरच चव लागते. आणि ब्री या दुसऱ्या मऊ चीजचा त्रिकोणी तुकडा असेल तर त्याचं टोक कापून घेऊ नका. तो मधला, सगळ्यात मऊ भाग. उभी लांब फोड घ्या, म्हणजे तो प्रत्येकाच्या वाट्याला येतो.

शाकाहारी असाल तर दोन गोष्टी जपा. बऱ्याच पारंपरिक चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, आणि सलाडमध्ये, कीश या अंडं घालून भाजलेल्या खाऱ्या पदार्थात डुकराच्या मांसाचे तुकडे, ‘लार्दों’, असू शकतात. विचारून घ्या, कोणी वाईट मानत नाही.

हॉटेलात दुपारी दोननंतर बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघर बंद होतं, तेव्हा वेळेत पोचा. ‘युन काराफ दो’ म्हटलंत की नळाचं पाणी फुकट मिळतं. बिल मात्र आपणहून कोणी आणत नाही. ते आणलं तर पाहुण्याला उठा म्हटल्यासारखं होईल. आपल्याकडे यजमान पंगतीत ‘सावकाश होऊ द्या’ म्हणत फिरतात, तीच ही रीत. निघायचं असेल तेव्हा ‘लादिस्यों, सिल व्हू प्ले’ म्हणा.