पटावरची १०५ नावे आणि विभागाचा जमाखर्च: अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधील शिष्यवृत्तीचे आकडे कसे वाचावेत

अमेरिकेत वाढणारी मराठी कुटुंबांतील मुले आता शाळेच्या अमेरिकी फुटबॉल संघांतही दिसू लागली आहेत, आणि त्यांपैकी एखाद्याच्या पालकांना कधीतरी विद्यापीठाच्या प्रशिक्षकाचा फोन येतो की ‘आमच्या संघात तुमच्या मुलासाठी जागा आहे’. या एका वाक्याचे तीन अगदी वेगळे अर्थ होऊ शकतात: पूर्ण शिष्यवृत्तीसह जागा, अर्धीमुर्धी शिष्यवृत्ती असलेली जागा, किंवा एकाही डॉलरची मदत नसलेली केवळ पटावरची जागा. यांतला कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे ओळखण्यासाठी नियम कळावे लागतात, आणि ती जागा चार वर्षे टिकेल का याचा अंदाज बांधण्यासाठी विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचा जमाखर्च वाचता यावा लागतो. ज्यांची मुले मैदानात कधीच उतरणार नाहीत, पण ज्यांच्या शुल्कातून हा खेळ चालतो, त्या पालकांनाही हा जमाखर्च वाचता आला पाहिजे असे मला मनापासून वाटते.

पहिली पायरी म्हणजे विद्यापीठ कोणत्या गटात मोडते हे पाहणे. कॉलेज खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेचे डिव्हिजन वन, टू आणि थ्री असे उतरत्या पातळीचे तीन गट आहेत. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. तिथे गुणवत्तेवर किंवा कौटुंबिक उत्पन्नावर आधारित मदत मिळते. डिव्हिजन टूमध्ये फुटबॉलसाठी ३६ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम मोठ्या संघात तुकड्यातुकड्यांनी वाटली जाते. आयव्ही लीगची (हार्वर्ड, येल यांसारखी) विद्यापीठे डिव्हिजन वनमध्ये असूनही खेळाची शिष्यवृत्ती देत नाहीत. उरलेल्या डिव्हिजन वनसाठी मात्र पुढचा प्रश्न विचारावाच लागतो: हे विद्यापीठ हाउस खटल्याच्या तडजोडीत सामील झाले आहे की नाही?

हा खटला अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाचा जलतरणपटू ग्रँट हाउस याच्या नावाने ओळखला जातो. तो २०२० मध्ये दाखल झाला आणि ६ जून २०२५ रोजी कॅलिफोर्नियातील संघीय न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी त्यातील तडजोडीला अंतिम मान्यता दिली. त्यानुसार माजी व तत्कालीन खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई मिळायची आहे. १ जुलै २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना महसुलाचा वाटा म्हणून थेट पैसे देण्याची मुभा मिळाली आहे. आणि जुन्या शिष्यवृत्ती-मर्यादेच्या जागी पटमर्यादा, म्हणजे संघातील नावांच्या संख्येवरची मर्यादा, आली आहे. सामील न झालेल्या विद्यापीठांना जुनेच नियम लागू राहतात. म्हणून ‘फुटबॉलमध्ये किती शिष्यवृत्त्या असतात?’ या प्रश्नाला आज एकच उत्तर देता येत नाही.

जुना नियम समजून घेतल्याशिवाय नव्याचे महत्त्व कळत नाही. डिव्हिजन वन फुटबॉलच्या सर्वोच्च पातळीवर, म्हणजे एफबीएसमध्ये, १९७३ साली १०५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा घातली गेली. १९७८ मध्ये ती ९५ वर आणि १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात टप्प्याटप्प्याने ८५ वर आली. ही मोजणी डोईगणिक होती. एखाद्या खेळाडूला अर्धी शिष्यवृत्ती दिली तरी ८५ पैकी एक जागा पूर्ण खर्ची पडे, त्यामुळे कोणी अर्धी देतच नसे. त्याखालच्या एफसीएस पातळीवर ६३ शिष्यवृत्त्यांची रक्कम जास्तीत जास्त ८५ खेळाडूंत विभागता येत असे. शिष्यवृत्तीला मर्यादा होती, पण हंगामातील पटाला नव्हती. म्हणून मोठ्या संघांत ८५ शिष्यवृत्तीधारकांबरोबर स्वखर्चाने खेळणारे कितीतरी ‘वॉक-ऑन’ असत. नेब्रास्का विद्यापीठाने तर ही परंपरा अभिमानाने जोपासली; आसपासच्या लहान गावांतील मुले तिथे विनामदत दाखल होत आणि काही जण पुढे मुख्य संघापर्यंत पोहोचत.

नव्या नियमात १०५ ही पटावरील नावांची कमाल संख्या आहे, शिष्यवृत्त्यांची नव्हे. पटावरच्या सर्वांना पूर्ण शिष्यवृत्ती देण्याची परवानगी आहे, सक्ती नाही. शिवाय आता एफबीएस फुटबॉलमध्येही शिष्यवृत्ती तुकड्यांत वाटता येते. प्रशिक्षक सत्तर जणांना पूर्ण, वीस जणांना अर्धी आणि पंधरा जणांना काहीच नाही अशी विभागणी करू शकतो, आणि तिन्ही प्रकारच्या खेळाडूंना तो ‘तू आमच्या १०५ मध्ये आहेस’ असेच सांगेल. त्याचे ते विधान खरे असते, पण पालकांना हवी असलेली माहिती त्यात नसते. कॉन्फरन्स, म्हणजे आपसांत स्पर्धा खेळणाऱ्या विद्यापीठांचा संघ, स्वतःची अधिक कडक मर्यादाही घालू शकते: पुरुषांच्या जलतरणात राष्ट्रीय मर्यादा ३० असताना एसईसी या बलाढ्य कॉन्फरन्सने ती २२ ठेवली.

पटमर्यादेचा सर्वांत मोठा घाव वॉक-ऑन मुलांवर बसला, आणि ही गोष्ट न्यायालयाच्याही लक्षात आली. एप्रिल २०२५ मध्ये न्यायाधीश विल्केन यांनी नेमक्या याच मुद्द्यावर मान्यता रोखून धरली, कारण मर्यादा लागू होण्याआधीच अनेक खेळाडूंची नावे कापली गेली होती. त्यानंतर दुरुस्ती झाली: या मर्यादेमुळे ज्यांची जागा गेली किंवा जाणार होती अशा खेळाडूंची स्वतंत्र यादी करण्यात आली, आणि त्यांची खेळण्याची पात्रता संपेपर्यंत ते कोणत्याही विद्यापीठात गेले तरी पटाच्या मोजणीत धरले जात नाहीत. मात्र त्यांना परत घेणे विद्यापीठावर बंधनकारक नाही, आणि यानंतर शाळेतून येणाऱ्या मुलांना हे संरक्षणही नाही. पूर्वी १२० व्या क्रमांकाच्या मुलाला दोन वर्षे सराव करून वर सरकण्याची संधी मिळे. आता ती दारातच संपू शकते. माझ्या मते या तडजोडीतील हा सर्वांत दुःखद भाग आहे, कारण पैशाच्या वादात ज्यांनी कधी पैसा मागितलाच नव्हता त्यांनाच आधी बाहेर जावे लागले.

कागदावर काय हवे

फोनवरच्या शब्दांना मोल नाही. मोल आहे ते लेखी आर्थिक मदत-कराराला. खेळाडूला विद्यापीठाशी बांधून घेणारा ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ नावाचा जुना कागद ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाला असून आता सारे काही या करारावरच ठरते. त्यात चार गोष्टी शोधाव्यात. मदत किती वर्षांची आहे, कारण एकाच वर्षाचा करार दरवर्षी नव्याने करावा लागतो. मदतीत काय काय येते, कारण शिक्षण-शुल्क, राहणे, जेवण, पुस्तके आणि प्रवासासारखे इतर खर्च मिळून होणारा ‘एकूण खर्च’ आणि निव्वळ शुल्कमाफी यांत दरवर्षी हजारो डॉलरचे अंतर असते. दुखापत झाल्यास किंवा पटावरून नाव गेल्यास मदत चालू राहते का. आणि थेट मिळणारा महसुलाचा वाटा त्याच करारात आहे की वेगळ्या.

कराचा मुद्दाही इथेच पाहून ठेवावा. शिष्यवृत्तीतील शुल्काचा आणि अनिवार्य पुस्तकांचा भाग करमुक्त असतो, पण राहण्याजेवणासाठीचा भाग करपात्र उत्पन्नात येतो. ज्यांची मुले एच-४ व्हिसावर (एच-१बी सारख्या व्हिसावर काम करणाऱ्यांच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या) आहेत त्यांनी आणखी सावध राहावे. शिष्यवृत्ती घेता येते. परंतु एच-४ वरच्या मुलाला काम करण्याची परवानगी आपोआप नसते, २१ व्या वर्षी तो दर्जा संपतो, आणि नंतर घ्याव्या लागणाऱ्या एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावरही कमाईवर कडक बंधने आहेत. महसुलाचा वाटा किंवा जाहिरातीचा करार यांवर सही करण्यापूर्वी स्थलांतर कायद्याच्या वकिलाला दाखवण्याचा खर्च वाचवू नये.

जमाखर्च कुठे मिळतो आणि कसा वाचावा

दोन कागद उपयोगाचे आहेत. १९९४ च्या ‘ईएडीए’ कायद्यानुसार, संघीय विद्यार्थी-मदत घेणाऱ्या आणि आंतरमहाविद्यालयीन खेळ असलेल्या प्रत्येक सहशिक्षण संस्थेला खेळाडूंची संख्या, शिष्यवृत्ती, प्रशिक्षकांचे वेतन, उत्पन्न आणि खर्च यांचा वार्षिक अहवाल द्यावा लागतो. शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर तो कोणालाही पाहता येतो, खासगी विद्यापीठांचासुद्धा. दुसरा कागद म्हणजे विद्यापीठाने एनसीएएला दरवर्षी जानेवारीत सादर केलेला आर्थिक अहवाल. तो कितीतरी अधिक बारकाईचा असतो. सरकारी विद्यापीठांकडून माहिती अधिकाराच्या अमेरिकी समकक्ष कायद्यांखाली मागता येतो, आणि नाइट कमिशन ही कॉलेज खेळांच्या सुधारणेसाठी काम करणारी संस्था व सिराक्यूज विद्यापीठाच्या न्यूहाउस स्कूलने मिळून चालवलेल्या खुल्या माहितीसंचात अशा अहवालांतील आकडे एकत्र पाहायला मिळतात.

ईएडीए अहवाल वाचताना दोन ठिकाणी हमखास चूक होते. त्यातला ‘ऑपरेटिंग खर्च’ म्हणजे विभागाचा एकूण चालू खर्च नव्हे. तो केवळ सामन्यांशी निगडित प्रवास, निवास, जेवण, गणवेश, साहित्य आणि पंच यांचा खर्च असतो. दुसरे, उत्पन्न आणि खर्च अनेकदा डॉलरला डॉलर जुळलेले दिसतात. त्याचा अर्थ विभाग स्वतःच्या पायांवर उभा आहे असा होत नाही, कारण तूट भरून काढण्यासाठी विद्यापीठाने दिलेली रक्कमही तिथे उत्पन्न म्हणूनच दाखवलेली असते.

म्हणून एनसीएए अहवालात उत्पन्नाच्या बाजूने सुरुवात करावी आणि प्रत्येक ओळीसमोर ‘कमावलेले’ की ‘दिलेले’ असे लिहीत जावे. तिकिटे, देणग्या, प्रसारणाचे हक्क, कॉन्फरन्सकडून आलेला वाटा, प्रायोजकत्व हे कमावलेले. विद्यार्थ्यांचे शुल्क, विद्यापीठाचे थेट साहाय्य, राज्य सरकारचा निधी आणि विद्यापीठाने परस्पर उचललेला वीज, इमारती यांसारखा अप्रत्यक्ष खर्च हे दिलेले. मोठ्या कॉन्फरन्समधील विद्यापीठांत दिलेल्याचा वाटा अगदी थोडा असतो, पण लहान विद्यापीठांत तो निम्म्याहून अधिकही असू शकतो. व्हर्जिनिया राज्याने तर २०१५ मध्ये सरकारी विद्यापीठांतील या वाट्यावर कायद्यानेच मर्यादा घातली. फुटबॉल कधीही न पाहणारा विद्यार्थी शुल्कातून किती देतो हे या एका ओळीवरून कळते. लहान विद्यापीठांच्या उत्पन्नात ‘गॅरंटी’ नावाची ओळही असते: बलाढ्य संघाच्या मैदानावर जाऊन, बहुधा हरण्यासाठी, मिळणारी रक्कम. तोच आकडा मोठ्या विद्यापीठाच्या खर्चात दिसतो.

खर्चाच्या बाजूला ‘खेळाडूंची आर्थिक मदत’ ही ओळ फसवी असते. क्रीडा विभाग शिष्यवृत्तीची रक्कम प्रामुख्याने आपल्याच विद्यापीठाला शुल्क म्हणून भरतो. घरातल्या एका डब्यातून दुसऱ्या डब्यात पैसे टाकावेत तसे हे असते. वर्गात एक विद्यार्थी वाढल्याने विद्यापीठाचा प्रत्यक्ष खर्च त्या शुल्काइतका वाढतोच असे नाही. शिवाय बाहेरच्या राज्यातून आलेल्या खेळाडूची शिष्यवृत्ती वहीत कितीतरी मोठी दिसते. म्हणून शिष्यवृत्त्यांमुळे विभाग बुडाला असे कोणी सांगितले, तर आधी प्रशिक्षकांचे वेतन, कर्मचाऱ्यांचे वेतन, मैदानांच्या कर्जाचे हप्ते आणि प्रशिक्षकाला मुदतीपूर्वी काढल्याबद्दल द्यावी लागणारी रक्कम या ओळी पाहाव्यात. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फुटबॉल प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना काढले तेव्हा त्यांना देणे लागणारी रक्कम साडेसात कोटी डॉलरहून अधिक होती. त्या एका निर्णयाच्या किमतीत किती मुलांचे पूर्ण शिक्षण झाले असते, हा हिशेब प्रत्येकाने स्वतः करून पाहावा.

एकाच वर्षाचे आकडे पाहून निष्कर्ष काढू नये. ओहायो स्टेटच्या विभागाला २०२३-२४ मध्ये २५ कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न असूनही साडेतीन कोटींहून मोठी तूट आली. त्या हंगामात लाखभर प्रेक्षकांच्या त्यांच्या मैदानावर फुटबॉलचे सहाच सामने झाले होते, हे त्यामागचे एक कारण होते. किमान चार-पाच वर्षे शेजारी शेजारी मांडावीत.

२०२५-२६ पासून खर्चात महसूल-वाटपाची भर पडली. पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठासाठी त्याची कमाल मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलर ठरली आणि ती पुढे वाढत जाणार आहे. इथे शिष्यवृत्तीचा धागा पुन्हा जुळतो: जुन्या मर्यादेपलीकडे दिलेल्या नव्या शिष्यवृत्त्यांची रक्कम २५ लाख डॉलरपर्यंत याच मर्यादेतून वजा होते. समजा एका शिष्यवृत्तीचा खर्च ६० हजार डॉलर आहे आणि विद्यापीठाने फुटबॉलमध्ये ८५ वरून १०५ पर्यंत जायचे ठरवले. तर त्या वीस शिष्यवृत्त्यांपायी १२ लाख डॉलर थेट वाटपातून कमी होतात. शंभराव्या क्रमांकाच्या मुलाला शिष्यवृत्ती द्यावी, की तेच पैसे मुख्य क्वार्टरबॅकला, म्हणजे संघाचे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूला, द्यावेत, असा तो प्रश्न असतो, आणि बहुतेक प्रशिक्षक कोणाला निवडतील हे उघड आहे. एसईसीने २०२५ च्या हंगामात फुटबॉलसाठी ८५ शिष्यवृत्त्यांचीच मर्यादा कायम ठेवली ती याच पार्श्वभूमीवर.

म्हणून प्रशिक्षकाला असे विचारावे: मागील हंगामात तुमच्या पटावर किती जण होते, त्यांपैकी किती जणांना पूर्ण मदत होती, आणि पहिल्या सामन्याआधी किती नावे कमी झाली? फुटबॉलचा पट हंगामाच्या पहिल्या सामन्याच्या दिवशी मर्यादेत असावा लागतो, त्यामुळे ऑगस्टमध्ये सरावाला बोलावलेला मुलगा सप्टेंबरमध्ये पटावर असेलच असे नाही. पुढील वर्षाची मदत चालू राहणार की नाही हे विद्यापीठाने १ जुलैपर्यंत लेखी कळवायचे असते. ती कमी झाली किंवा बंद झाली, तर क्रीडा विभागाबाहेरच्या समितीपुढे सुनावणी मागण्याचा हक्क विद्यार्थ्याला असतो, आणि त्या पत्रात दिलेली मुदत चुकवू नये.