फोटो काढायला विषयच सुचत नाहीये? मग हे करून बघा

कॅमेरा कपाटात पडून आहे, मोबाईल तर दिवसभर हातातच असतो, पण फोटो काढावासा वाटेल असं काही दिसतच नाही, असं कधी ना कधी सगळ्यांचंच होतं. मग कुणी नवी लेन्स बघायला लागतो, कुणी लांबची ट्रिप ठरवतो, चार दिवस बरं वाटतं आणि मग परत तेच. माझ्या मते खरी गोची ही असते की काहीही काढलं तरी चालतंय, आणि काहीही चालतंय म्हटलं की काहीच सुचत नाही. म्हणून खाली जे सांगतोय त्यात बहुतेक सगळ्या अटीच आहेत, स्वतःच स्वतःला घालायच्या.

सगळ्यात आधी आपलेच जुने फोटो उघडून बसा, मागच्या वर्षा-दोन वर्षांतले. कशाला किती लाईक आले ते विसरा, फक्त आपण परत परत काय काढतोय ते बघा. कुणाच्या फोटोत सारख्या सावल्या असतात, कुणी पाठमोरी माणसंच काढतो, कुणाला बंद दार दिसलं की राहवत नाही. एकेक फोटो मोठा करून बघितला तर हे कळत नाही, शे-दोनशे फोटो बारीक करून एकत्र बघितले की लगेच डोळ्यात भरतं. ते एका ओळीत लिहून ठेवा. आणि काय अजिबात नाहीये तेही लिहा, म्हणजे रात्रीचा एकही नाही, पावसातला नाही, किंवा सगळेच्या सगळे उभं राहून डोळ्यांच्या उंचीवरून काढलेत (हे तर हमखास निघतं). या दोन ओळी म्हणजे तुमची सुरुवातीची यादी.

मग घराबाहेर न पडता एक सराव करा, आणि यात घाई करू नका. काचेचा साधा ग्लास पाऊण भरून पाणी घ्या, खिडकीपाशी टेबलावर ठेवा, खोलीतले दिवे बंद करा. आधी खिडकी तुमच्या पाठीशी येईल असे उभे राहून एक फोटो काढा, तो बहुतेक सपाट येईल. मग खिडकी बाजूला घ्या, ग्लासची एक कड उजळेल आणि दुसरीकडे सावली लांब पडेल. आता ग्लास तुमच्या आणि खिडकीच्या मधे येऊ दे, मोबाईल असेल तर स्क्रीनवर ग्लासवर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि एक्स्पोजर (फोटो किती उजळ येणार ते) लॉक होतं, आणि मग ब्राइटनेस थोडा खाली ओढा. ऊन थेट पडत असेल तर टेबलावर सावलीच्या मधोमध उजेडाच्या वेड्यावाकड्या रेघा दिसतील, त्यांचाच फोटो घ्या, ग्लास नसला फ्रेममधे तरी चालेल. मग ग्लासच्या मागे थोडं लांब एक पट्ट्यापट्ट्यांचा कागद धरा, पट्टे तिरके असतील तर पाण्यातून ते उलट्या बाजूला कललेले दिसतात, कारण पाण्याचा ग्लास लेन्ससारखंच काम करतो. इथपर्यंत आलात की एका ग्लासचे पाच-सहा वेगळे फोटो झालेले असतात आणि वस्तू तीच, फक्त उजेड आणि आपली जागा बदलली.

हे काही पोरखेळ नाहीत बरं का. एडवर्ड वेस्टन या अमेरिकन फोटोग्राफरनी १९३० साली एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून फोटो काढला, नरसाळ्यामुळे उजेड सगळीकडून फिरून आला आणि ती मिरची एखाद्या पिळदार शरीरासारखी दिसायला लागली, आजही तो फोटो फोटोग्राफीच्या इतिहासातला गाजलेला फोटो आहे. आणि योसेफ सुदेक, पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला चेक फोटोग्राफर, तो १९४० पासून पुढे कितीतरी वर्षं प्रागमधल्या आपल्या स्टुडिओच्या खिडकीचेच फोटो काढत राहिला, कधी काचेवर दव, कधी थेंब, कधी बर्फ.

घराबाहेर पडताना मात्र एकच अट घेऊन निघा, दोन-तीन एकदम घेतल्या की गोंधळ होतो. आज फक्त लाल रंग. किंवा आज कॅमेरा गुडघ्याच्या वर न्यायचा नाही. किंवा एकच फोकल लेंथ, म्हणजे लेन्स जेवढं जवळचं-लांबचं दाखवते तेवढंच, झूमला हात लावायचा नाही, जवळ जायचं तर चालत जायचं. शटर स्पीडचीही (फोटो घेताना शटर किती वेळ उघडं राहतं त्याची) अट घालता येते आणि मला स्वतःला ही सगळ्यात जास्त आवडते, कॅमेरा घट्ट टेकवून १/४ सेकंद ठेवला की चालणारी माणसं पुसट होतात आणि भिंत, खांब, थांबलेला माणूस तेवढे स्पष्ट राहतात. मोबाईलवर प्रो मोडमधे, म्हणजे जिथे सेटिंग आपल्या हातानं बदलता येतात तिथे, हे जमतं, भर दुपारी मात्र फोटो पांढराफटक येईल, तेव्हा संध्याकाळी करा.

रोजच्या रस्त्याचा कंटाळा आला असेल तर रस्ता तोच ठेवा, वेळ बदला. सूर्योदयानंतरचा तिरका उजेड, दुपारच्या काळ्या कडक सावल्या, सूर्य मावळल्यावरचा निळा प्रकाश. ढगाळ वातावरण असेल तर कॅमेरा आत ठेवू नका, चेहरे आणि पानं यांना तोच उजेड छान असतो.

एकेकटे फोटो काढून जीव रमत नसेल तर मालिका करा. बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन फोटोग्राफर जोडप्यानी १९५९ पासून कितीतरी वर्षं पाण्याच्या टाक्या, भट्ट्या असल्याच गोष्टी टिपल्या, तेही शक्यतो ढगाळ आकाशाखाली, आणि मग ते फोटो ओळीनं शेजारी शेजारी लावले. एकटी टाकी कोण बघेल, पण नऊ टाक्या एकत्र दिसल्या की माणूस फरक शोधत बसतो. तुम्ही खुर्च्या घ्या, जिने घ्या, कुलपं घ्या, जे वारंवार दिसतं ते.

दुसऱ्यांचं काम बघायचं असेल तर रीलपेक्षा संग्रहालयांच्या वेबसाईट बऱ्या, पेंटिंगसुद्धा बघा, आणि प्रत्येक चित्रात उजेड कुठून येतोय एवढंच शोधा. शेवटी दहा-बारा फोटोंच्या छोट्या प्रिंट काढा, जमिनीवर पसरा, त्यातला जो इतरांशी जुळत नाही पण फेकवतही नाही तो बाजूला काढा, पुढची मालिका त्याच्यापासून सुरू करा.