डबल रिस्टलॉक: मातीतल्या पोरांसाठी

आमच्या कोपरखैरण्यात मॅटवर येणारी बरीच पोरं वाशी मार्केटातल्या माथाड्यांची. बाप-चुलते सातारा-सांगलीकडचे, त्यामुळे पट, ढाक, घिस्सा हे कुस्तीचे डाव लहानपणापासून कानावर. हल्ली त्यांना मोबाईलवर पाहिलेला ‘किमुरा’ शिकायचा असतो, म्हणजे मुडपलेला हात पाठीमागे पिळून खांदा धरायचा डाव; कुस्तीत त्यालाच डबल रिस्टलॉक म्हणतात. मी शिकवतो, पण इंग्लंडचा पैलवान बिली रॉबिन्सन याच्या वाटेने, आणि आधी तो माणूस कोण ते सांगून.

रॉबिन्सन मँचेस्टरचा, जन्म १९३८. घरात बॉक्सिंग. लहानपणी डोळ्याला इजा झाली, बॉक्सिंगची वाट बंद झाली आणि तो विगनला बिली रायलीच्या तालमीत गेला. विगन तेव्हा कोळसा खाणींचं गाव. तालमीला म्हणायचे स्नेक पिट. तिथली कुस्ती कॅच. खांदे टेकवले तरी निकाल, सांधा धरून हार कबूल करवली तरी निकाल. १९७५ साली टोकियोत जपानी व्यावसायिक पैलवान अँटोनियो इनोकीशी तो पुरा तासभर लढला, कुस्ती बरोबरीत सुटली. पुढे जपानमध्येच वस्तादकी केली. काझुशी साकुराबा, जॉश बार्नेट या एमएमए (मिश्र मार्शल आर्ट) लढवय्यांनी त्याच्याकडे धडे घेतले.

आता डाव. जोडीदार पाठीवर, तू त्याच्या उजव्या अंगाला, छातीवर छाती आडवी. हात धरायची घाई नको. गुडघे मॅटवरून उचल, पायाच्या बोटांवर ये, सगळा भार त्याच्या छातीत उतरव. दम कोंडला की तो डाव्या हाताने तुला कमरेशी रेटणार. तोच हात आपल्याला हवा.

उजव्या हाताने त्याचं डावं मनगट धर. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव. मनगट त्याच्या कमरेजवळ मॅटवर दाब. डावा हात त्याच्या दंडाखालून घाल आणि स्वतःचं उजवं मनगट पकड. त्याचा कोपर काटकोनात आहे ना, बघ. नसेल तर पुढे जाऊ नको, आधी तो जमव.

मग त्याचा डावा खांदा थोडा उचलून आपल्याकडे घे, म्हणजे पाठीमागे जागा होते. कोपर तुझ्या छातीला घट्ट, आणि त्याचा पंजा पाठीमागून डोक्याकडे न्यायचा. पोरं इथे दंडाच्या ताकदीने पिळतात, ते चूक. हात जागच्या जागी ठेवून अख्खं धड वळव. कोपर छातीपासून सुटला की डाव गेला.

खरी मजा इथून पुढे. हात वाचवायला तो पाठ परत मॅटला लावतो. पण पाठ लागली म्हणजे चीत! खांदे वाचवावे तर हात जातो, हात वाचवावा तर खांदे. चीत करणं आपल्या पोरांच्या अंगात आधीच असतं, म्हणून त्यांना हे पटकन उमगतं. नुसता हात पिळायला शिकलेल्याला ते दिसत नाही. हात सरळ करून निसटू पाहिला, तर तुझा डावा हात त्याच्या कोपराखाली आहेच; मनगट खाली दाब, सरळ हाताचा पेच बसतो.

सराव सावकाश. जोडीदाराने थाप मारली, म्हणजे हार मानली, की त्याच क्षणी सोडायचं. खांद्याचे बंध एकदा गेले की पोराचा हंगाम गेला. लहान गटाला मी पकड बसवून तिथेच थांबवतो, पीळ नाही. फ्रीस्टाइल स्पर्धेत हात पाठीमागे काटकोनाच्या आत मुडपून दाबणं नियमात बसत नाही, तेव्हा निवड चाचणी जवळ आली की हा डाव बाजूला ठेवायचा आणि भार टाकण्याचा भाग तेवढा रोज घोटायचा, दोन्ही अंगांनी.