घरशिक्षणात नववी ते बारावीचं विज्ञान: क्रम लावताना

मुलीला आम्ही सांगलीत घरीच शिकवलं. घरशिक्षणात नव्याने आलेले पालक भेटतात तेव्हा भाषा, इतिहास यांची काळजी फारशी नसते. नववी जवळ आली की मात्र ‘विज्ञानाचं काय करायचं?’ हा प्रश्न येतोच. माझं पहिलं सांगणं असं, की विज्ञानाचा क्रम ठरवायला बसाल तेव्हा आधी मुलाची गणिताची वही उघडा. गणित कुठवर पोहोचलंय, त्यावर बाकीचं ठरतं.

इंटरनेटवर शोधलं की बहुतेक अमेरिकी आराखडे समोर येतात. नववीत जीवशास्त्र, दहावीत रसायनशास्त्र, अकरावीत भौतिकशास्त्र. एका वर्षी एकच शाखा. भौतिकाला लागणारं गणित तोवर तयार होतं, हा त्या क्रमाचा मोठा फायदा. याच्या उलट, नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ लिऑन लेडरमन यांनी भौतिकापासून सुरुवात करण्याचा आग्रह धरला होता. अणू समजल्याशिवाय रसायन समजत नाही आणि रसायनाशिवाय पेशी समजत नाही, हा त्यांचा मुद्दा. दोन्ही बाजू पटतात, पण आपल्याकडे दहावीला तिन्ही शाखा एकत्रच विचारतात. नववीत शिकलेलं जीवशास्त्र दहावीच्या परीक्षेपर्यंत वर्षभर बाजूला पडून राहिलं, तर उजळणीतच जीव जातो.

म्हणून नववी-दहावीत तिन्ही शाखा घ्या, पण रोज तिन्ही नकोत. एक शाखा सलग काही आठवडे, मग दुसरी. आम्ही ऋतू पाहून ठरवलं. पावसाळ्यात जीवशास्त्र, शिवाय आलेख. आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी आणि कोयनेचा विसर्ग पावसाळ्यात रोज पेपरात येतो. पातळी फुटांत, विसर्ग क्युसेकमध्ये. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28.3 लिटर, हे रूपांतर मुलांनी स्वतः करावं. आलेखावर 40 फुटांची इशारा पातळी आणि 45 फुटांची धोका पातळी अशा दोन आडव्या रेषा मारल्या, की 2019 साली पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं म्हणजे काय, ते सांगावं लागत नाही. विसर्ग वाढल्यावर पातळी लगेच का वाढत नाही, हा प्रश्न मुलीने स्वतःहून विचारला.

रसायन हळदीच्या हंगामात. फिल्टर पेपर हळदीच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवला आणि पट्ट्या कापल्या. चुन्याच्या निवळीत पट्टी क्षणात लालसर तपकिरी होते. हळद आणि चुन्यापासून कुंकू करतात ते यामुळेच. खाण्याच्या सोड्याने रंग थोडाच बदलतो, धुण्याच्या सोड्याने चांगला चढतो. लिंबाच्या रसात पट्टी पिवळीच राहते आणि साध्या पाण्यातही पिवळीच. म्हणजे हळद आम्लारी ओळखते, पण आम्ल आणि पाणी यांतला फरक सांगत नाही. हे हाताने करून कळलं, की जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क का करून बघायचा, ते मुलालाच सुचतं.

गणिताचा मुद्दा इथेच स्पष्ट होतो. नववीत ही हळद ‘आम्ल की आम्लारी’ एवढ्यावर थांबते आणि तेवढं पुरेसं आहे. पीएच म्हणजे आम्ल-आम्लारीपणाचं माप; पीएच 9 आणि पीएच 8 यांत दसपट फरक का, हे लॉगॅरिदम आल्याशिवाय नुसतं पाठ होतं. ते अकरावीत घ्या आणि त्याच पट्ट्या पुन्हा काढा. हळदीचा रंग पीएचच्या ठराविक पट्ट्यातच का बदलतो, हा प्रश्न आता विचारता येतो. मिरजेच्या सतारीचंही तसंच. तार अर्ध्यावर दाबली की कंप्रता दुप्पट, हे नववीचं मूल सहज पकडतं. ताण चौपट केला तरी कंप्रता दुप्पटच होते, यामागचं वर्गमूळ मात्र सूत्र हाताळता येऊ लागल्यावरच. सदिश आणि त्रिकोणमिती कच्ची असेल तर अकरावीच्या भौतिकाची घाई करू नका. तेवढे महिने रसायनाला द्या, गणित पुढे आलं की भौतिक भराभर होतं.

परीक्षेचं थोडक्यात सांगते. दहावीला 17 नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून बसणाऱ्यांचा फॉर्म भरून राज्य मंडळाकडून बसता येतं. आम्ही एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय घेतलं. तिथे दहावीच्या प्रवेशाला किमान वय 14. एकदा घेतलेला प्रवेश पाच वर्षं चालतो आणि त्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, म्हणून सगळे विषय एकाच वेळी देण्याचं दडपण नसतं. दहावी आणि पाच विषयांची पूर्ण बारावी यांत मात्र दोन वर्षांचं अंतर लागतं. दहावी लांबवली की बारावी त्याच हिशेबाने पुढे जाते. जेईई मेनला ही बारावी चालते, पण किमान पाच विषय हवेत. जीवशास्त्र आणि गणित दोन्ही ठेवायचं का, हे अकरावीच्या प्रवेशाआधीच ठरवा. आम्ही दोन्ही ठेवलं. काम वाढलं, पण मुलीचा कल स्पष्ट व्हायला वेळ मिळाला.

अकरावी-बारावीचे सगळे प्रयोग घरी होत नाहीत आणि करूही नयेत. संहत आम्लं स्वयंपाकघरात आणायची नाहीत. ब्युरेट, पिपेट, व्हर्निअर, सूक्ष्मदर्शक यांवर हात बसायला प्रयोगशाळाच लागते. त्यासाठी एनआयओएसचं अभ्यासकेंद्र निवडताना पत्त्यापेक्षा प्रयोगशाळा बघा. फी भरण्याआधी प्रत्यक्ष जाऊन विचारा: प्रात्यक्षिकं कोणत्या महिन्यांत होतात, एका ब्युरेटवर किती मुलं असतात, ठरलेल्या तासांबाहेर येऊन सराव करता येतो का. आम्ही पाहिलेल्या एका ठिकाणी प्रयोग फळ्यावर लिहून देत होते. आम्ही दुसरं केंद्र घेतलं. ते घरापासून लांब होतं, पण तिथे मुलगी स्वतःच्या हाताने टायट्रेशन करायला शिकली.