ऑफिसच्या कॉम्प्युटरचा पर्यावरणावरचा भार कसा कमी करायचा? मराठवाड्यातल्या दुकानदार-कारखानदारांसाठी

‘ग्रीन आयटी’ म्हटलं की विक्रेता पहिल्यांदा नव्या मशीनचं कोटेशन काढतो. ते तूर्त बाजूला ठेवा. लॅपटॉपमुळे होणाऱ्या एकूण कार्बन उत्सर्जनातला मोठा वाटा तो कारखान्यात तयार होतानाच हवेत गेलेला असतो. म्हणजे आहे तोच लॅपटॉप आणखी दोन-तीन वर्षं चालवला, तर ती खरी बचत. आणि आपल्याकडे मशीन वेळेआधी मरतं ते बहुतेकदा उन्हानं, धुळीनं आणि वरखाली होणाऱ्या व्होल्टेजनं. म्हणून मोंढ्यातली आडत असो, वाळूजचं छोटं युनिट असो की लातूरचा क्लास, आधी वाया जाणारी वीज थांबवा, मग आहे ते जगवा. खरेदी सगळ्यात शेवटी.

1. रात्री काय चालू राहतं ते बघा

शटर ओढण्याआधी एकदा सगळ्या टेबलांवरून फिरा. स्क्रीन काळी दिसते, पण खाली डब्यातला पंखा फिरतच असतो. रिकामा चालू असलेला डेस्कटॉप साधारण 50 वॉट खातो असं धरू. संध्याकाळी सात ते सकाळी नऊ, असे 14 तास, 10 कॉम्प्युटर: रात्रीला 7 युनिट. वर्षाचे 300 दिवस धरले तर 2100 युनिट. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे जवळजवळ दीड टन. तेही कुणी खुर्चीत बसलेलं नसताना.

कोळशावरच्या विजेला पाणीही लागतं. 2013 च्या दुष्काळात परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. त्यामुळे मराठवाड्यात वाचवलेलं युनिट हे थोडं पाणीही असतं.

उपाय फुकटचा आहे. पॉवर सेटिंगमध्ये दहा मिनिटांनी स्क्रीन बंद आणि वीस मिनिटांनी स्लीप लावा. स्क्रीनसेव्हरनं काहीही वाचत नाही, उलट मशीन जागं राहतं. घरी जाताना शटडाउन करा आणि बोर्डावरचं बटणही बंद करा. टॅलीसाठी एखादा सर्व्हर चोवीस तास चालू असेल तर मुनीमजींना विचारा, रात्री त्यात कोण एंट्री करतं? बॅकअपची वेळ संध्याकाळची लावली की तोही बंद करता येतो.

2. धूळ आणि उष्णता: इथे जरा वेळ द्या

जिनिंगजवळच्या ऑफिसातला सीपीयू उघडून बघा. हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या, पात्यांमध्ये कापसाचे तंतू आणि माती मिळून जाड थर बसलेला असतो, हवा जायला जागाच नसते. प्रोसेसर तापतो, पंखा जोरात पळतो, वीज जास्त जाते, मशीन स्लो होतं, आणि मालक म्हणतो, “जुना झाला, बदला आता.” जुना झालेला नसतो, गुदमरलेला असतो.

गुढीपाडव्याच्या आधी, म्हणजे ऊन तापायच्या आत, सगळी मशीन साफ करून घ्या. जिनिंगवाल्यांनी हंगाम संपल्यावर आणखी एकदा. वायर काढा, डबा अंगणात न्या, ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर ते भलत्या वेगानं फिरून बेअरिंग जातं. चार-पाच वर्षांच्या मशीनला थर्मल पेस्टही (प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचवणारा लेप) नवी लावून घ्या.

कूलरचा झोत कॉम्प्युटरवर सोडू नका. ओली हवा आणि धूळ एकत्र आली की बोर्डावर गंज चढतो. सर्व्हरच्या खोलीत एसी 18 वर ठेवायची तर काहीच गरज नाही. अशा उपकरणांना 27 अंशांपर्यंतची हवा चालते. 24 ते 26 वर लावा आणि खिडकीला बाहेरून सावली करा.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे इन्व्हर्टर आणि यूपीएसची बॅटरी. लेड-ॲसिड बॅटरीचा ठोकताळा असा, की 25 अंशांच्या वर दर 10 अंशांना तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. आणि आपण ती ठेवतो कुठे? पत्र्याखालच्या माळ्यावर, मे महिन्यात. ती खाली, हवेशीर कोपऱ्यात आणा. पाणी फक्त डिस्टिल्ड घाला, बोअरचं नाही. लेझर प्रिंटर यूपीएसवर जोडू नका. कागद निघताना तो एकदम मोठा लोड ओढतो.

3. जुन्यातच जीव ओता

हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (डेटा साठवणारी, पण बरीच वेगवान चिप) आणि रॅम 8 जीबी, एवढ्यावर बरीच मशीन पुन्हा पळू लागतात. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि अनेक चांगल्या मशीनवर विंडोज 11 अधिकृतपणे बसत नाही. म्हणून ती भंगारात काढायची का? टॅलीसाठी एक-दोन मशीन विंडोज 11 ची ठेवा. ज्यांवर फक्त ब्राउझर, ईमेल आणि जीएसटी पोर्टल चालतं, त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाका. डिजिटल सहीचा टोकन (पेनड्राइव्हसारखा असतो तो) त्यावर चालतो का, एवढं मात्र आधी तपासून घ्या.

4. घ्यायचंच असेल तर

बिलिंगला डेस्कटॉपऐवजी लॅपटॉप किंवा मिनी पीसी घ्या. वीज कमी लागते, यूपीएसही छोटा पुरतो. रॅम बदलता येते ना, हे दुकानातच विचारा. छतावर सोलर बसवायचा असेल तर 1 किलोवॉटला दिवसाला सरासरी 4 युनिट धरा. पीएम सूर्यघर या केंद्राच्या सोलर योजनेचं अनुदान घरांसाठी आहे, दुकानाच्या मीटरला नाही. पण आधी वर सांगितलेली विजेची गळती थांबवा, म्हणजे पॅनेलही कमी लागतील.

5. भंगार देताना

ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. जुनं सामान नोंदणीकृत रिसायकलरकडेच द्या; केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर त्यांची यादी मिळते. दारावरच्या फेरीवाल्याकडे गेलेली वायर तांब्यासाठी जाळली जाते आणि बॅटरीतलं ॲसिड जमिनीत ओतलं जातं, जिथून आपण बोअरनं पाणी उपसतो. एकट्या दुकानाचा माल थोडा असतो, तेव्हा शेजारच्या आठ-दहा दुकानांचा एकत्र जमवून गाडी बोलवा.

जुनी बॅटरी नवी घेताना त्याच दुकानात परत करा आणि बिलावर तशी नोंद मागा. कॉम्प्युटर देण्याआधी डेटा नुसता डिलीट करू नका. रीसेट करताना ड्राइव्ह पूर्ण साफ करायचा पर्याय निवडा. हार्ड डिस्क बंदच पडली असेल तर ती काढून ड्रिलनं आरपार भोक पाडा आणि मगच पोत्यात टाका.