जास्त जेवल्यावर अंग ठणकतंय, कातडीला कपडाही सहन होत नाही? या चुका टाळा

आखाड पार्ट्या सुरू झाल्या की दुसऱ्या दिवशी सकाळी फॅमिली ग्रुपवर ठरलेले मेसेज पडतात. अंग मोडून आलंय, पाठ धरलीय, आणि एखादा तरी असा असतोच की अरे नुसता शर्ट घासला तरी झोंबतंय, काय करू. खाली लगेच उत्तरं सुरू, पित्त झालंय, ओवा चाव, सोडा पी, उलटी काढ म्हणजे मोकळं वाटेल. पण नेमकं कुठे दुखतंय, जेवल्यावर किती वेळाने सुरू झालं, एकाच बाजूला आहे का दोन्हीकडे, हे कोणी विचारत नाही. आणि अर्धी गोष्ट तर या तीन प्रश्नांतच उलगडते.

सगळं पित्तावर ढकलणं

भरपूर जेवल्यावर पोट जड होणं, सुस्ती, आंबट ढेकर, छातीत जळजळ, हे समजू शकतो. रात्री 11 वाजता मटण-भाकरी हाणून लगेच आडवं झालं की आम्ल वर येतं, झोप चार वेळा मोडते, त्यात दारू घेतली असेल तर झोप आणखी उथळ लागते, आणि झोप नीट झाली नाही की दुसऱ्या दिवशी तेच अंग जास्त दुखतं. वर चकणा, पापड, लोणचं यांचं मीठ, त्याने अंगात पाणी धरतं, बोटातली अंगठी घट्ट होते. हे दिवस-दोन दिवसांत आपोआप ओसरतं, त्यासाठी काही करावं लागत नाही.

पण दोन्ही बाजूंनी सगळंच अंग दुखतंय, केस विंचरताना टाळू दुखतेय, चादर नकोशी होतेय आणि आतून कणकण वाटतेय, तर पहिलं काम म्हणजे ताप बघा! हात लावून नाही, थर्मामीटरने. ताप चढताना कातडी अशी हळवी होतेच. म्हणजे जेवण किती झालं यापेक्षा जेवणात काय गेलं हा प्रश्न आहे. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सात-आठ तासांत जोरदार उलट्या सुरू झाल्या तर बऱ्याचदा अन्नात आधीच तयार झालेलं विष असतं, बाहेर राहिलेला भात किंवा तासन् तास उघडी पडलेली मिठाई यातून हे होतं. ताप, अंगदुखी, जुलाब असं सगळं एकत्र आणि उशिरा आलं, म्हणजे सहा तासांनंतर किंवा अगदी दोन-तीन दिवसांनी, तर जंतुसंसर्गाचा संशय जास्त. म्हणून कालच्याच जेवणाला शिव्या घालू नका, परवाचंही आठवा. ओआरएस घेत राहा, आणि जुलाबात रक्त, लघवी कमी होणं किंवा उतरत नसलेला ताप यातलं काही दिसलं तर दवाखाना गाठा.

एकाच बाजूची आग "गॅस" म्हणून सोडून देणं

ही चूक सगळ्यात महागात पडते. पाठीपासून सुरू होऊन बरगडीखालून पोटाकडे येणारा एक पट्टा, फक्त डावीकडे किंवा फक्त उजवीकडे, आणि तिथे बनियनचं कापड लागलं तरी आग. बघावं तर कातडीवर काहीच नाही. माणूस साहजिकच म्हणतो काल जास्त झालं, गॅस अडकलाय. दुखतंय पोटाच्या आसपास म्हणून दोष जेवणाला, पण ही नागीण असू शकते. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षं गप्प पडून असतो, वय झालं किंवा प्रतिकारशक्ती कमी झाली की तो उठतो, आणि पुरळ यायच्या आधी एक ते पाच दिवस नुसतीच आग, ठणका आणि हळवी कातडी एवढंच असतं. मग त्याच पट्ट्यात पाणी भरलेल्या फोडांचे झुबके येतात.

फोड दिसले की घड्याळ सुरू झालं समजा, कारण विषाणूवरची गोळी पहिल्या 72 तासांत चालू झाली तर सगळ्यात जास्त उपयोग होतो. आपल्याकडे हेच तीन दिवस गेरूचा लेप लावण्यात आणि कुठल्या तरी गावच्या माणसाकडून नागीण उतरवून घेण्यात जातात. तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो असं म्हणतात, त्यात काही तथ्य नाही, तो मज्जातंतूच अंगाच्या एका बाजूचा असतो म्हणून पट्टा सहसा मधोमध येऊन थांबतो. खरी भीती वेगळी आहे, फोड सुकल्यावरही त्या जागेची आग महिनोन् महिने राहू शकते, म्हाताऱ्या माणसांना तर जास्तच. कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. 50 च्या पुढच्यांसाठी याची लस आहे, आपल्याकडेही मिळते, आईवडिलांसाठी डॉक्टरांना विचारून ठेवायला हरकत नाही.

बांगडा खाऊन अंग लाल झालं की आयुष्यभर मासे सोडणं

अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी चोळायचं हे घरोघरी चालतं, थंडावा मिळतो, चोळा बापडे. फक्त गांध्या उठल्यात का नुसती कातडी लाल होऊन तापलीय हे नीट बघा. बांगडा, तारली, कुपा असे मासे पकडल्यापासून बर्फात नीट राहिले नाहीत तर त्यांच्यात हिस्टामिन नावाचं रसायन तयार होतं, आणि एकदा तयार झालं की तळा, उकळा नाहीतर फ्रीजरमध्ये टाका, ते जात नाही. असा मासा कधी कधी जिभेला तिखट, चरचरीत लागतो. खाल्ल्यावर काही मिनिटांपासून तासाभरात तोंड-मान लालबुंद, डोकं ठणकतं, छाती धडधडते, कातडी भाजल्यासारखी होते. जितकं जास्त खाल्लं तितका त्रास जास्त, आणि बहुतेकांचं काही तासांत निवळतं. ही माशाची ॲलर्जी नसते, तो मासा खराब होता इतकंच. एकाच ताटातून खाल्लेल्या दोघा-तिघांना एकदम झालं तर हाच संशय धरा. आता हे माहीत नसल्यामुळे कोकणातला माणूस जन्मभर बांगडा सोडतो, याच्याइतकं वाईट काय असणार!

ओठ-जीभ सुजणं, घसा आवळणं, श्वासाला घरघर किंवा चक्कर यातलं एक जरी आलं तर मात्र आमसूल-बिमसूल बाजूला ठेवा, 108 ला फोन करा. आणि गांध्या उठलेल्या असताना अंगदुखीसाठी ब्रुफेन जातीची पेनकिलर घेऊ नका, काही जणांच्या गांध्या त्याने वाढतात.

अजिनोमोटोचं थोडक्यात. 1968 साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांचं पत्र छापून आलं, चायनीज जेवल्यावर मान बधिर होते, अशक्त वाटतं, असं. तेव्हापासून ही पावडर बदनाम आहे. नंतर कोणाला काय दिलंय हे लपवून चाचण्या झाल्या, त्यात जेवणासोबत घेतल्यावर तसा त्रास ठामपणे दिसला नाही. गाडीवरच्या चायनीजमध्ये मीठ आणि तेल किती असतं, आणि आपण फुल प्लेट एकट्याने संपवतो, तिकडे आधी बघा.

बेल्ट आणि नाडी न बघणं

हे कोणाच्याच डोक्यात येत नाही. मांडीची बाहेरची बाजू, साधारण पँटच्या खिशापासून गुडघ्याच्या वरपर्यंत, बधिर वाटतेय पण हात फिरवला की झोंबतं, असं असेल तर पोट बघा. जांघेजवळून मांडीच्या कातडीला जाणारा एक मज्जातंतू असतो, घट्ट बेल्ट, टाइट जीन्स किंवा परकराची कचकचून बांधलेली नाडी यांनी तो दाबला जातो. लग्नात सकाळी सहाला बांधलेली नाडी, वर पंगतीत आग्रहाच्या जिलेब्या, पोट फुगलेलं, आणि दुपारभर मांडी घालून बसणं, मग दाब येणारच. वजन वाढलेल्यांना, गरोदर बायकांना आणि डायबिटीसवाल्यांना हे जास्त होतं. नाडी सैल करा, काही दिवस ढगळ कपडे घाला, बऱ्याच जणांचं तेवढ्याने कमी होतं. पायातली ताकदच कमी वाटली तर मात्र हा प्रकार नाही, दाखवून घ्या.

रिपोर्ट नॉर्मल म्हणून निश्चिंत होणं

पार्टीनंतर पहाटे पायाचा अंगठा लाल होऊन सुजला, चादरीचं टोक लागलं तरी किंचाळावंसं वाटतंय, तर तो बहुतेक गाउट. मटण, कलेजी, सुकट, बिअर, वर गोड कोल्ड्रिंक, आणि पाणी मात्र दोन घोट, असा सगळा माल एकत्र आला की रक्तातलं युरिक ॲसिड वाढतं. साधारण 6.8 च्या (रिपोर्टमध्ये mg/dL) पुढे ते रक्तात विरघळून राहत नाही, सांध्यात त्याचे खडे बसतात. गंमत अशी की ऐन ठणक्यात रक्त तपासलं तर आकडा नॉर्मल येऊ शकतो, मग लोक म्हणतात गाउट नाही, मुरगळला असेल, आणि मालिश सुरू करतात! दोनेक आठवड्यांनी परत तपासा. मित्राची युरिक ॲसिडची गोळी स्वतःच्या मनाने चालू करू नका, ती ठणक्यावरची गोळी नाहीच, सुरुवातीला उलट ठणका वाढू शकतो.

छातीतल्या दुखण्यावर सोड्याचं पाकीट

जड जेवणानंतर छातीवर दडपण, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत वरच्या बाजूला कळ, दरदरून घाम, म्हणजे ॲसिडिटी असेल असं धरून बसू नका. भरपेट जेवण हे हार्ट अटॅकचं निमित्त होऊ शकतं, ईसीजी काढायला पाच मिनिटं लागतात. बायकांना आणि डायबिटीसवाल्यांना कधी छातीत दुखतही नाही, नुसती दमणूक आणि मळमळ असते.

तेलकट जेवणानंतर तासाभराने उजव्या बरगडीखाली कळ आणि ती उजव्या खांद्याकडे, पाठीकडे जाते, तर पित्ताशयातले खडे आठवा. पित्ताशयाला सूज आली की उजव्या फऱ्याखालची कातडी स्पर्शाला हळवी होते हे जुन्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवलंय, तेव्हा पाठीच्या त्या जागेला बाम चोळत बसण्यापेक्षा सोनोग्राफी करून घ्या. आणि वरच्या पोटातून आरपार पाठीत जाणारं, वाकून बसल्यावर थोडं बरं वाटणारं भयंकर दुखणं, त्यातही दारूनंतरचं, हे स्वादुपिंडाचं असू शकतं, तिथे सकाळची वाट बघू नका.

सोड्याच्या पाकिटात सोडियम असतं, बीपीवाल्यांनी ते रोजचं करू नये. दारू जास्त झालेल्या रात्री पॅरासिटामॉलच्या गोळ्यांवर गोळ्या टाकू नका, लिव्हरला दोन्हीकडून मार बसतो.

शेवटी एक हळूहळू येणारा प्रकार. दोन्ही तळपायांची आग, मुंग्या, रात्री चादर नको वाटणं हे जड जेवणानंतर जास्त जाणवत असेल पण एरवीही थोडं असतंच, तर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर, एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि बी12 एकदा बघून घ्या. शाकाहारी लोकांमध्ये बी12 कमी असणं नेहमीचं आहे, आणि बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्येही ते कमी होऊ शकतं. डॉक्टरकडे जाताना "जास्त खाल्लं म्हणून झालं" हे आपलं निदान सांगू नका, किती वाजता जेवलात, किती वाजता सुरू झालं, बोट ठेवून नेमकी जागा, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, एवढं न्या. पुरळ असेल तर पहिल्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कारण गांध्या दवाखान्यात नंबर लागेपर्यंत बऱ्याचदा गेलेल्या असतात.