ढगात शिरल्यावर आधी नियम, मग अंदाज

विमान उडवताना क्षितिज दिसेनासं झालं की शरीराचा कौल मानू नका. सेकंदाला सुमारे २ अंशांपेक्षा हळू झालेला कल कानाला कळतच नाही. एकसारखं वळण १०-२० सेकंद टिकलं, तर आतल्या कानातला द्रव स्थिरावतो आणि आपण सरळ चाललोय असं वाटतं. म्हणून नजर कृत्रिम क्षितिजावर, म्हणजे विमानाचा कल दाखवणाऱ्या उपकरणावर. तिथून वेग, उंची, दिशा आणि पुन्हा तिथेच. मान झटकन वळवू नका, गरगरतं.

उंची घटतेय, वेग वाढतोय? हात आपोआप स्टिक (विमान हाताळायचा दांडा) ओढायला जातो. इथेच घात होतो: पंख कललेले असताना ओढलं तर वळण आणखी आवळतं. आधी थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा) मागे, मग पंख समतल, त्यानंतरच नाक वर. ठरलेल्या किमान उंचीपर्यंत ताबा आला नाही, तर इजेक्ट करा, म्हणजे आसनासकट विमानाबाहेर पडा. ती उंची जमिनीवरच पाठ हवी.